एक चित्रपटमहोत्सव आणि त्याचा प्रेक्षक

ग्रंथपरीक्षण करतांना टीकाकार वाचकाचा विचार सहसा करीत नाहीं. पुस्तक छापून झालें कीं तें ज्याच्या हातीं पडेल तो त्याचा वाचक, आणि गुणदोष जे कांहीं असतील ते पुस्तकाच्या पानांत, असें आपण धरून चालतों. पण कलेचे कांहीं प्रकार असे आहेत कीं, समोर कोण बसलें आहे हें कळल्यावांचून त्यांचें मोल ठरविणें अन्यायाचें होतें. कीर्तन हें आपल्या नित्य परिचयाचें उदाहरण. बुवांची वाणी तीच, आख्यान तेंच. परंतु देवळांतल्या भाविकांपुढें तें जसें रंगतें तसें विवाहमंडपांत रंगत नाहीं, आणि तो दोष बुवांचा नसतो. मुंबईस दरवर्षीं भरणाऱ्या 'कशिश' ह्या चित्रपटमहोत्सवाविषयीं लिहितांना ही गोष्ट प्रथम सांगावीशी वाटते. तेथें दाखविल्या जाणाऱ्या चित्रपटांपेक्षां तेथें जमणारा प्रेक्षकवर्ग हीच त्या महोत्सवाची मोठी निर्मिति आहे. त्या प्रेक्षकवर्गानें मराठी चित्रपटाला काय दिलें, आणि काय त्याला देतां आलें नाहीं, एवढाच ह्या लेखाचा विषय.

समलिंगी, उभयलिंगी, तृतीयपंथी इत्यादि ज्या स्त्रीपुरुषांस हल्लीं एलजीबीटीक्यू ह्या आद्याक्षरांनीं संबोधितात, त्यांच्या जीवनावरील देशोदेशींचे चित्रपट ह्या महोत्सवांत दाखवितात. 'कशिश' हा शब्द फारसीतून उर्दूंत आलेला. अर्थ ओढ, आकर्षण. २ जुलै २००९ रोजीं दिल्लीच्या उच्च न्यायालयानें तत्कालीन दंडविधानाचें ३७७ वें कलम प्रौढांच्या परस्परसंमतीच्या खाजगी संबंधांस लागू करतां येणार नाहीं असा निर्णय दिला, आणि पुढल्याच वर्षीं, एप्रिल २०१० मध्यें, श्रीधर रंगायन ह्या दिग्दर्शकानें व त्यांच्या सहकाऱ्यांनीं हा उपक्रम आरंभिला. तत्पूर्वीं असें कांहींच नव्हतें असें नाहीं. २००३ मध्यें 'लर्झिश' नांवाचा असाच एक महोत्सव मुंबईंत भरला होता. पण तो काळ निराळा होता. 'फायर' ह्या चित्रपटावरून डिसेंबर १९९८ मध्यें मुंबई व दिल्ली येथील चित्रपटगृहांवर झालेले हल्ले लोक विसरले नव्हते, आणि रंगायन ह्यांच्याच 'गुलाबी आईना' ह्या चित्रपटाला २००३ मध्यें परिनिरीक्षण मंडळानें प्रमाणपत्र नाकारलें होतें. महोत्सवांतील चित्रपटांस केंद्र सरकारच्या माहिती व नभोवाणी खात्याकडून प्रमाणपत्राच्या अटींतून सूट मिळूं शकते. ज्या दिग्दर्शकाची कृति एरवीं डब्यांत पडून राहिली असती तिला निदान चार दिवस उजेड दाखविण्याचा कायदेशीर मार्ग त्यामुळें मोकळा झाला. नियम रूक्ष असतात. पण कलेच्या इतिहासांत असे रूक्ष नियमच पुष्कळदां निर्णायक ठरतात.

११ डिसेंबर २०१३ रोजीं सर्वोच्च न्यायालयानें दिल्लीचा निर्णय फिरविला. पुढला महोत्सव पांच-सहा महिन्यांवर होता. अशा वेळीं कोणीही शहाणा मनुष्य लहानशा सभागृहाचा आसरा घेईल. ह्या मंडळींनीं २०१४ सालचा महोत्सव नेला तो मरीन लाइन्सच्या 'लिबर्टी' चित्रपटगृहांत! १९४९ मध्यें 'अंदाज'नें उघडलेलें, हजाराहून अधिक आसनांचें, नक्षीदार लांकूडकामाचें तें जुनें वैभवशाली गृह. कायद्यानें ज्यांना पुनश्च अपराधी ठरविलें होतें ते लोक तेथें हजारांच्या संख्येनें येऊन बसले. ६ सप्टेंबर २०१८ रोजीं तो अपराध कायमचा पुसला गेला, ही पुढची गोष्ट; आणि १७ ऑक्टोबर २०२३ च्या निर्णयानें विवाहाचा हक्क मात्र मिळाला नाहीं, ही त्याच्याही पुढची. परंतु चित्रपटसमीक्षेच्या दृष्टीनें पाहतां महत्त्वाची घटना २०१४ चीच होय असें मी म्हणेन. कारण त्या वर्षीं त्या प्रेक्षकवर्गाला आपण प्रेक्षकवर्ग आहों हें उमगलें असावें.

त्याचा कलाकृतीवर परिणाम काय होतो, हें समजण्यासाठीं एक जुनें उदाहरण घेऊं. ई. एम. फॉर्स्टर हा इंग्रज कादंबरीकार आपल्या परिचयाचा आहे. १९१२ मध्यें तो प्रथम हिंदुस्थानांत आला, आणि १९२१ मध्यें देवासच्या थोरल्या पातीच्या पवार महाराजांकडे खाजगी चिटणीस म्हणून कांहीं महिने राहिला. पहिल्या प्रवासाहून परतल्यावर १९१३-१४ मध्यें त्यानें 'मॉरिस' ही कादंबरी लिहिली. दोन पुरुषांच्या प्रेमाची ती कथा आहे, आणि तिचा शेवट सुखाचाच झाला पाहिजे असा त्याचा हट्ट होता. शेवट जर आत्महत्येनें किंवा फांसानें झाला असता तर पुस्तक छापणें कदाचित् सोपें गेलें असतें, इतकी त्या काळाची नीति विचित्र होती. कादंबरी टेबलाच्या खणांत राहिली. निवडक मित्रांनीं वाचली. १९७० मध्यें फॉर्स्टर वारला, आणि १९७१ मध्यें ती प्रसिद्ध झाली. माझ्या मतें ती त्याच्या उत्तम कृतींपैकीं नव्हे. 'अ पॅसेज टु इंडिया'मधील मोकळा, खेळकर, कधीं वाचकाची थट्टा करणारा फॉर्स्टर तींत दिसत नाहीं. एक अवघडलेला, स्वतःचीच समजूत घालणारा माणूस दिसतो. वाचकच नसलेल्या लेखकाची गत दुसरी काय होणार? वाचक नसला कीं लेखक एक तर प्रार्थना करतो, नाहीं तर वकिली.

आपल्याकडे वकिलीच अधिक झाली. विजय तेंडुलकरांचें 'मित्राची गोष्ट' १९८१ मध्यें रंगभूमीवर आलें. ज्या काळीं त्या विषयाला मराठी रंगमंचावर नांवही नव्हतें त्या काळीं हें नाटक लिहिण्यास धैर्य लागलें ह्यांत शंका नाहीं. मित्राच्या भूमिकेंत रोहिणी हट्टंगडी होत्या. परंतु त्या नाटकाची बांधणी पाहा. मित्रा आपल्याला प्रत्यक्ष भेटत नाहीं. ती बापू ह्या भाबड्या, सहृदय तरुणाच्या सांगण्यांतून भेटते. बापू हा आपला, म्हणजे सभागृहांत बसलेल्या मध्यमवर्गीय प्रेक्षकाचा, मुखत्यार आहे. त्याला धक्का बसतो म्हणून आपल्याला बसतो. त्याला कळवळा येतो म्हणून आपल्याला येतो. आणि मित्राचा अंत होतो तेव्हां रडण्याचा अधिकार बापूला आणि त्याच्यामार्फत आपल्याला मिळतो. नाटककाराला ठाऊक होतें कीं, समोर जे बसले आहेत त्यांत मित्रासारखें कोणी असलें तरी तें स्वतःला लपवूनच बसलेलें आहे. 'उंबरठा' (१९८२) मध्यें हाच विषय ओझरता येतो. महिलाश्रमांतील दोन स्त्रियांचा संबंध तेथें अधीक्षिकेपुढील अनेक अडचणींपैकीं एक अडचण होऊन येतो. सुलभेची अडचण आपल्याला कळते, त्या दोघींचें मन कळत नाहीं. हा कर्त्यांच्या सहानुभूतीचा अभाव म्हणतां येणार नाहीं. ज्यांच्यासाठीं सांगावयाचें ते त्या दोघींचे कोणीच नव्हते.

'कशिश'च्या पहिल्या कांहीं वर्षांतील हिंदी-इंग्रजी चित्रपटांतही ही वकिली सुटलेली नाहीं. मुलगा आईबापांना आपलें गुपित सांगतो, बाप संतापतो, आई रडते, शेवटीं समजूत पटते किंवा पटत नाहीं. मधून मधून एखादें पात्र हातांत पत्रक असल्याप्रमाणें बोलूं लागतें. रंगायन ह्यांच्या 'ईव्हनिंग शॅडोज्' (२०१८) मध्यें दक्षिणेंतल्या लहान गांवांतील आईचें चित्र हृद्य आहे, तरी तेंही ह्या दोषापासून सर्वस्वी मुक्त नाहीं. आणि येथें महोत्सवाच्या प्रेक्षकाविषयीं एक अप्रिय गोष्ट बोलणें भाग आहे. टाळी तेथें फार लौकर पडते. जो चित्रपट आपली बाजू मांडतो त्याला केवळ बाजू मांडल्याबद्दल टाळी मिळते. संवाद पोकळ असला, संकलन ढिलें असलें तरी मिळते. वर्षभर ज्यानें नातेवाइकांच्या घरीं खालमानेनें जेवण केलें आहे तो चार दिवस आपल्या माणसांत आला असतां हात आंखडता कां घेईल? त्याला दोष देववत नाहीं. टीकाकारानें मात्र ती टाळी आपल्या तागडींत टाकूं नये. दुबळी कृति आपली आहे म्हणून थोर ठरविणें हा प्रकार साहित्यसंमेलनांच्या मंडपांतून आपण पुरेसा पाहिलेला आहे.

पण त्याच प्रेक्षकानें दुसरेंही एक कार्य केलें, आणि तें आम्हां मराठी वाचकांच्या विशेष लक्षांत यावयास हवें. ज्याला पटवावयाचें नाहीं असा श्रोता लाभला कीं कलावंताचा वकिली झगा आपोआप गळून पडतो. रोहन परशुराम कानवडे ह्यांचा 'उ उषाचा' (२०१९) हा लघुचित्रपट महोत्सवाच्याच 'क्यूदृष्टि' अनुदानाच्या साह्यानें तयार झाला. उषा ही शेतमजुरी करणारी, मुलांना एकटीनें वाढविणारी निरक्षर बाई. गांवच्या प्राथमिक शाळेंतील शिक्षिकेकडे तिचें मन ओढलें जातें, आणि अक्षर शिकण्याची इच्छा व त्या बाईंच्या जवळ जाण्याची इच्छा ह्या दोन्हीं एकमेकींत मिसळून जातात. कोणती कोठें संपते व दुसरी कोठें सुरू होते हें उषेलाही कळत नाहीं, आणि दिग्दर्शक तें सांगण्याच्या भानगडींत पडत नाहीं. अंकलिपीचें एक पान आणि एका बाईचें नांव एवढ्यावर तो चित्रपट उभा आहे. तींत भाषण नाहीं. गुपित फुटण्याचा प्रसंग नाहीं. बापू तर नाहींच नाहीं. आपण आणि उषा.

ह्याच दिग्दर्शकाच्या 'साबर बोंड' ह्या पहिल्या पूर्ण लांबीच्या चित्रपटाला जानेवारी २०२५ मध्यें अमेरिकेंतील सनडान्स महोत्सवांत जागतिक कथाचित्रपटांचें सर्वोच्च परीक्षक-पारितोषिक मिळालें. सप्टेंबर २०२५ मध्यें तो आपल्याकडे प्रदर्शित झाला. पारितोषिकाची वार्ता वर्तमानपत्रांनीं मोठ्या अभिमानानें छापली. चित्रपटाविषयीं त्या मानानें थोडेंच लिहिलें गेलें, म्हणून येथें थोडें विस्तारानें लिहितों.

वडील वारले म्हणून आनंद मुंबईहून आईबरोबर आपल्या मूळ गांवीं, नगर-नाशिकच्या बाजूस, येतो. दहा दिवसांचें सुतक आहे. अनवाणी वागावयाचें, खाण्यापिण्याचीं बंधनें पाळावयाचीं, आणि येणाऱ्याजाणाऱ्या प्रत्येक नातेवाइकाच्या तोंडून लग्न कधीं करतोस हा प्रश्न ऐकावयाचा. लहानपणचा मित्र बाळ्या शेती व शेळ्या सांभाळतो. त्याच्याही मागें लग्नाचा लकडा आहे. दोघांचें जवळ येणें ह्या दहा दिवसांत घडतें. ह्यांत नवें काय, असें कोणी विचारील. नवें हें कीं, चित्रपटाला घाई नाहीं. पार्श्वसंगीत मुळींच नाहीं. दुःखाच्या जागीं सारंगी वाजत नाहीं, प्रेमाच्या जागीं बांसरी नाहीं. कॅमेरा एके ठिकाणीं ठाण मांडून बसतो, आणि माणसें त्याच्यापुढें येतात, उठतात, जातात. आपल्या घरांत मर्तिक झाल्यावर वेळ कसा जातो हें ज्यानें अनुभविलें आहे त्याला ही गति तत्काळ ओळखूं येईल: चहा, एक माणूस येऊन बसतो, गप्प राहतो, पुन्हां चहा. शोकाच्या ह्या सैल, रिकाम्या वेळांत प्रेमाला जागा होते, ही कल्पना मला अत्यंत मार्मिक वाटली. जेथें सर्वांचें लक्ष मृताकडे आहे तेथें जिवंतांकडे क्षणभर कोणाचें लक्ष नसतें.

आमच्या यवतमाळ जिल्ह्यांत बोंड म्हटलें कीं आधीं कपाशीचें बोंड आठवतें आणि लगेच बोंडअळी. चित्रपटांतलें बोंड तें नव्हे. तें फड्या निवडुंगाचें लाल फळ. वरून बारीक कांटे, आंत रंगानें माखणारा गोड गर. बाळ्या तें आनंदासाठीं आणतो तें कांटे काढून. ह्या प्रतीकाबद्दल कोणी पानेंच्या पानें लिहील. दिग्दर्शकानें तें दाखवून सोडून दिलें आहे, आणि तोच त्याचा विवेक.

भूषण मनोज (आनंद) व सूरज सुमन (बाळ्या) ह्यांचीं कामें संयत आहेत; परंतु माझ्या दृष्टीनें चित्रपटाचें हृदय म्हणजे जयश्री जगताप ह्यांनीं रंगविलेली आई. तिला मुलाचें सर्व ठाऊक आहे. ती तें कोठें घोषित करीत नाहीं, त्याबद्दल स्वतःचें कौतुकही करून घेत नाहीं. नातेवाइकांच्या तोंडास तोंड देतांना ती सबबी सांगते, विषय बदलते, कधीं खोटें बोलते, जसें आपल्या घरच्या बायका हजार गोष्टींसाठीं नित्य बोलत आल्या आहेत. आजवर ह्या विषयावरील आई एक तर रडली किंवा शेवटच्या प्रसंगांत उदार झाली. ही आई पहिल्या प्रसंगापासून कामाला लागलेली आहे. ह्या मासिकाच्या वाचकांत आया पुष्कळ आहेत. त्यांनीं इतर सर्व सोडून हिच्यासाठीं हा चित्रपट पाहावा.

एक उणीव मात्र जाणवते. गांव फार निवळलेलें आहे. जमीन कोणाची, बाळ्याची शेती किती, कोणाच्या ओट्यावर कोण बसतो, ह्या गोष्टी खेड्यांत प्रेमापेक्षां कमी बलवान् नसतात. विशेषतः जातीचा कांटा दिग्दर्शकानें बोंडावरच्या कांट्यांबरोबरच पुसून टाकला कीं काय अशी शंका येते. एका चित्रपटानें सर्वच ओझें उचलावें असा आग्रह नाहीं. पण इतकें सत्य पाहणाऱ्या डोळ्याकडून ही अपेक्षा करावीशी वाटते.

आतां महोत्सवाला जें देतां आलें नाहीं त्याकडे वळूं. उषा आणि बाळ्या हीं दोन्हीं माणसें खेड्यांतलीं, मराठी बोलणारीं, इंग्रजीचा गंध नसलेलीं. त्यांच्या घडणीला हातभार लावणारा महोत्सव मात्र मुंबईंत भरतो, आणि त्याचीं पत्रकें, सूत्रसंचालन, चर्चा ह्यांचा मुख्य व्यवहार इंग्रजींत चालतो. २०१६ मध्यें इंग्लंडचा विख्यात नट सर इयन मॅकेलन पाहुणा म्हणून आला, त्याचा आनंद मला इंग्रजी वाङ्मयाचा अध्यापक ह्या नात्यानें कोणाहून कमी झाला नाहीं. तथापि वणी, पुसद किंवा उमरखेड येथल्या मुलानें तेथें जावयाचें म्हणजे प्रथम स्थानक गाठून मुंबईची गाडी धरावयाची, घरीं परीक्षेची थाप मारावयाची, आणि तेथें पोंचल्यावर भाषेमुळें पुन्हां मागच्या रांगेंत बसावयाचें. २०२० व २०२१ मध्यें साथीमुळें महोत्सव आंतरजालावर झाला तेव्हां तो प्रथमच आमच्या जिल्ह्यापर्यंत आला असें म्हणतां येईल. परंतु आला तो पांघरुणाखालीं, कानांत यंत्र घालून, दाराला कडी लावून पाहण्याच्या चित्रपटाच्या रूपानें. लिबर्टीच्या अंधारांत हजार माणसें एकदम हंसतात तेव्हां जें घडतें त्याच्या नेमकें उलट ह्या एकट्या पाहण्यांत घडतें. चित्रपट तोच, पण तेथें मनुष्य एकटेपणांतून बाहेर येतो, आणि येथें त्याचा एकटेपणा अधिक पक्का होतो. मीं आरंभीं कीर्तनाचा दाखला दिला तो एवढ्याचसाठीं.

विदर्भांत ह्या मंडळींची चळवळ नाहीं असें मात्र कोणी समजूं नये. नागपुरास सारथी ट्रस्ट ही संस्था काम करते, आणि २०१६ पासून तेथें अभिमानयात्राही निघूं लागल्या. २०१७ च्या अखेरीस यवतमाळ शहरांतच दोन पुरुषांचा विवाहसमारंभ झाला. वर्तमानपत्रांतून कांहीं दिवस त्याची चर्चा चालली. बहुतेक ठिकाणीं ती नवलाची वार्ता ह्याच सदरांत मोडली. नवल संपतांच विषय संपला. त्या वार्तेचे वाचक हजारों होते, पण तिचा प्रेक्षक कोणी नव्हता. म्हणजे ती आपल्याच गांवची, आपल्याच घरची कथा आहे अशा समजुतीनें तिच्याकडे पाहणारी माणसें एकत्र बसलेलीं कोठें दिसलीं नाहींत. वर्गांत चाळीस मुलें समोर असतात. त्यांत एखादा आनंद, एखादी उषा असणारच, हें शिक्षकाला गणित न मांडतांही कळतें. कोण, हें त्याला कळूं नये आणि त्यानें शोधूंही नये. परंतु त्या मुलाला वाङ्मयाच्या तासाला भेटते ती मित्राच. आणि मित्रा शेवटीं मरते.

जागेची किंवा हौसेची आम्हांकडे वाण आहे असें नाहीं. यवतमाळनें १९७३ मध्यें माडगूळकरांच्या आणि २०१९ मध्यें अरुणा ढेरे ह्यांच्या अध्यक्षतेखालीं साहित्यसंमेलनें भरविलीं आहेत; दुसऱ्या वेळीं उद्घाटनास कोणाला बोलवावें आणि बोलावलेल्याला नको म्हणावें कीं काय, ह्यावरून देशभर गदारोळही करून दाखविला आहे. 'कशिश'सारखा महोत्सव येथें भरावा असें मी म्हणत नाहीं. नकललेल्या उत्सवांत कागदी पताकांखेरीज कांहीं उरत नाहीं. आणि कानवड्यांच्या पात्रांची बोली आमच्या वऱ्हाडीहून वेगळी आहे. वऱ्हाडी बाळ्या कसा बोलेल, काय बोलणार नाहीं, हें येथल्याच कोणी तरी लिहावें लागेल. पण त्याला लिहिण्यापूर्वीं पाहावें लागेल, आणि तें एकट्यानें नव्हे. 'साबर बोंड' प्रमाणपत्र मिळालेला, रीतसर प्रदर्शित झालेला चित्रपट आहे. वितरकाची परवानगी घेतली म्हणजे तो दाखविण्यास महोत्सवाची खास सूट लागत नाहीं, पोलिसांची लागत नाहीं, मुंबईच्या पाहुण्याचीही लागत नाहीं. महाविद्यालयाचें सभागृह आहे, पडदा आहे. 'मित्राची गोष्ट' शिकवून झाली कीं पुढचा तास ह्या चित्रपटाचा ठेवावा. त्याची लांबी सुमारें दोन तासांची आहे. त्या दिवशींचा शेवटचा तास वेळापत्रकांतून सोडावा लागेल.